पानावरचा पहारा

मी इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. संगणक माझ्या आयुष्यात आला तो निवृत्तीच्या आसपास, आणि त्याच्या पोटात काय चालते हे समजून घ्यावे असे वाटायला आणखी काही वर्षे गेली. पुण्यात हेच काम करणारा एक जुना विद्यार्थी सुट्टीत गावी आला की चार गोष्टी सांगतो, त्यातून गोडी लागली. हळूहळू लक्षात आले की हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. दप्तर, नोंदवही, लिहिण्याचा अधिकार, सहीचा अधिकार... यावरच तर आपला गावगाडा चालत आला. संगणकाच्या पोटातही हेच चालते, फक्त एका सेकंदात कोट्यवधी वेळा.

तर आजचा विषय असा : संगणकाच्या स्मृतीतले कुठले पान कोणी वाचावे, कोणी लिहावे आणि कुठल्या पानावरचा मजकूर हुकूम म्हणून पाळला जावा, हे ठरवायला माणूस कसा शिकला त्याचा इतिहास. घाबरू नका. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाला कळले, ते तुम्हालाही कळेल.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. आजचा धाराशिव जिल्हा, म्हणजे २०२३ पर्यंत सरकारी कागदावरचा उस्मानाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीत गावाच्या कारभाराला तीन माणसे असत. माली पटेल वसुली करी, पोलीस पटेल बंदोबस्त पाही आणि पटवारी दप्तर लिही. आपल्याकडची जुनी माणसे अजूनही तलाठ्याला पटवारीच म्हणतात. ही विभागणी उगाच नव्हती. किती वसूल करायचे ते ज्याने लिहायचे, त्यानेच दारात जाऊन वसूल करायचे ठरले तर रयतेने दाद कोणाकडे मागायची? अर्थात ही चोख व्यवस्था कागदावरची. जिथे तिघे एकाच पंगतीला बसणारे निघाले, तिथे काय झाले असेल ते सांगायला नको.

यातून एक साधे सूत्र निघते. लिहिणारा हात आणि हुकूम चालवणारा हात एक नसावा. संगणकाच्या जगाला हे सूत्र १९६०च्या दशकातच सापडले होते. मग स्वस्ताईच्या आणि घाईच्या नादात ते बाजूला पडले आणि पुन्हा सर्वसामान्यांच्या यंत्रापर्यंत पोचायला २००३-०४ साल उजाडले. मधल्या काळात जे झाले तो मला या कथेचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

आधी स्मृती म्हणजे काय ते पाहू. एक भली मोठी चौकटींची वही डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक चौकटीला क्रमांक आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने एडव्हॅक या नियोजित यंत्राचा अहवाल निघाला. त्यातली कल्पना अशी की हिशेबाचे आकडे ज्या वहीत ठेवायचे, त्याच वहीत त्या आकड्यांचे काय करायचे याच्या आज्ञाही आकड्यांच्या रूपात ठेवायच्या. त्याआधीच्या एनियाकसारख्या यंत्रात काम बदलायचे तर तारा आणि खटके बदलावे लागत. आता नुसती वहीतली पाने बदलली की काम बदलले! आजचे सगळे संगणक याच कल्पनेवर उभे आहेत.

पण याच कल्पनेत पुढच्या संकटाचे बी होते. चौकटीतला ४७ हा कुणाच्या पगारातला ४७ आहे, की 'बेरीज कर' या आज्ञेची खूण असलेला ४७ आहे, हे चौकटीकडे पाहून कळत नाही. यंत्राला सांगितले की 'इथून पुढे आज्ञा वाच', की ते जे समोर येईल ते आज्ञा समजून पाळू लागते.

सुरुवातीला याने काही बिघडत नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली आपल्या देशात एक संगणक घडवला गेला. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नाव ठेवले. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. बिट म्हणजे हो किंवा नाही एवढेच सांगणारी एक खूण. हिशेब केला तर इंग्रजी दहा हजार अक्षरे मावतील एवढीच ही वही. तीवर एका वेळी एका शास्त्रज्ञाचे काम चाले, ते संपले की दुसऱ्याचे. घरात एकटाच राहणारा माणूस स्वैपाकघराला कुलूप कशाला लावील?

कुलपाची गरज पडली ती एकाच यंत्रात अनेकांची कामे एकदम नांदू लागल्यावर. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ‍ॅटलास' नावाचे यंत्र बांधले. डिसेंबर १९६२ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. या मंडळींनी स्मृतीची सरसकट वही न ठेवता तिची ५१२ शब्दांची पाने पाडली. अशी ३२ पाने जलद स्मृतीत राहत, बाकीची एका फिरत्या चुंबकीय ढोलावर. लागेल ते पान आत आणायचे, नको असलेले बाहेर ठेवायचे. प्रत्येक पानाच्या नोंदीशेजारी त्यांनी एक खूण ठेवली. ती लावलेली असेल तर चालू प्रोग्रॅमला ते पान जणू दिसतच नसे. पान ढोलावर जात-येत असेल किंवा दुसऱ्याच्या कामाचे असेल, तर त्याला हात लागू नये म्हणून. पानावर पहारा बसला तो असा, एका खुणेचा.

त्यापुढची पायरी अमेरिकेत पडली. एमआयटी ही शिक्षणसंस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल लॅब्ज या तिघांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर 'मल्टिक्स' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बांधायला घेतली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कुणाला किती जागा, कुणाला कधी पाळी, हे तो ठरवतो. मल्टिक्समध्ये स्मृतीच्या प्रत्येक भागाला वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची परवानगी वेगवेगळी देता येई. म्हणजे वसुली, बंदोबस्त आणि दप्तर वेगळे झाले! शिवाय एकाआत एक अशी अधिकारांची वर्तुळे होती. परांड्याचा किल्ला ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच समजेल. आधी खंदक, मग बाहेरचा तट, मग आतला तट. बाहेरच्या तटावरच्या शिपायाला आतल्या तटात मनाला येईल तिथून शिरता येत नाही, नेमलेल्या दरवाजानेच जावे लागते.

१९७५ साली जेरोम साल्झर आणि मायकेल श्रोडर या एमआयटीच्या दोघांनी हे सगळे अनुभव एका निबंधात तत्त्वांच्या रूपात मांडले. त्यातले एक तत्त्व असे की ज्याला जेवढ्या कामाला जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा, जास्त नाही. म्हणजे १९७५ पर्यंत ज्ञान तयार होते, लिहून झालेले होते, छापलेले होते.

हा पहारा प्रत्यक्षात चालतो कसा, तेही इथेच सांगून टाकतो. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक पानसूची ठेवते. कुठले पान कुठे आहे, आणि त्यावर कोणकोणत्या परवानग्या आहेत, हे तीत लिहिलेले असते. प्रोग्रॅम स्मृतीतल्या कुठल्याही चौकटीला हात लावायला गेला की प्रोसेसर ही सूची पाहतो. प्रत्येक वेळी पूर्ण सूची चाळत बसला तर काम उरकणार नाही, म्हणून अलीकडच्या नोंदींचे एक छोटे टाचण तो जवळ ठेवतो. परवानगी असेल तर काम पुढे सरकते. नसेल तर प्रोसेसर तिथल्या तिथे थांबतो आणि कारभाऱ्याला हाक मारतो. मग कारभारी बहुतेक वेळा त्या प्रोग्रॅमला बाहेर काढतो.

आणि ही पानसूची कुठे असते? तीही स्मृतीतल्याच पानांवर! म्हणून तिच्यावर लिहिण्याचा अधिकार फक्त कारभाऱ्याला. साध्या प्रोग्रॅमला एखाद्या पानाची परवानगी बदलून हवी असेल तर त्याने अर्ज करायचा. युनिक्स घराण्यात या अर्जाला 'एमप्रोटेक्ट' म्हणतात, विंडोजमध्ये 'व्हर्च्युअलप्रोटेक्ट'. कारभारी अर्ज तपासतो, सूचीत बदल करतो आणि प्रोसेसरजवळच्या टाचणातली जुनी नोंद पुसायला लावतो. ती पुसली नाही तर सूचीत एक आणि टाचणात दुसरेच, असा घोळ व्हायचा.

शाळेत काम केलेल्यांना मी जनरल रजिस्टरचे उदाहरण देईन. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख एकदा त्यात चढली की त्यावरून दाखला हवा तेव्हा द्या, म्हणजे वाचायला मोकळे. पण जन्मतारखेत दुरुस्ती करायची तर खुद्द मुख्याध्यापकालाही परस्पर खाडाखोड करता येत नाही. वर प्रस्ताव पाठवायचा, मंजुरी आली की तिचा क्रमांक आणि दिनांक टाकून तेवढी नोंद दुरुस्त करायची आणि रजिस्टर पुन्हा बंद. 'एमप्रोटेक्ट' म्हणजे हाच प्रस्ताव, फक्त मंजुरी क्षणात मिळते.

या कुलपाचा एक गमतीदार उपयोगही आहे. एका प्रोग्रॅममधून त्याच्यासारखाच दुसरा जन्माला घालायचा असेल तर सगळ्या पानांच्या नकला काढण्यात वेळ जातो. म्हणून कारभारी दोघांना एकच वही देतो आणि तीवर 'फक्त वाचा' अशी खूण करतो. दोघांपैकी कुणी लिहायला गेला की पहारा आडवा येतो, आणि त्या क्षणी त्या एकाच पानाची नक्कल काढून त्याच्या हाती दिली जाते. कुलूप नेहमी 'नाही' म्हणण्यासाठीच असते असे नाही, कधी 'जरा थांब' म्हणण्यासाठीही असते.

असो. आता मधल्या काळाकडे वळू.

मल्टिक्स अवाढव्य आणि महाग होते. बेल लॅब्जने १९६९ साली त्यातून अंग काढून घेतले, आणि तिथल्याच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी छोट्या यंत्रांसाठी 'युनिक्स' लिहायला घेतले. युनिक्स सुटसुटीत होते, म्हणून जगभर पसरले. ते ज्या यंत्रांवर फार चालले त्यांपैकी १९७७ चे 'व्हॅक्स' हे एक. त्यात पानाला वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी वेगळी होती, पण चालवण्याची वेगळी नव्हती. जे वाचता येते ते चालवताही येते, असा हिशेब.

घरगुती संगणकांची गोष्ट याहून वाईट. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ या चिपमध्ये पहारा नावाची वस्तूच नव्हती. डॉसवर चालणाऱ्या संगणकात कुठलाही प्रोग्रॅम स्मृतीत कुठेही लिहू शके, अगदी डॉसच्या स्वतःच्या जागेतही. १९८५ च्या ८०३८६ मध्ये ४०९६ बाइटांची पाने आली आणि प्रत्येक पानाच्या नोंदीत दोन महत्त्वाच्या खुणा आल्या. एक, यावर लिहिता येईल की नाही. दुसरी, हे पान साध्या प्रोग्रॅमसाठी आहे की फक्त कारभाऱ्यासाठी. 'या पानावरचा मजकूर हुकूम म्हणून पाळू नये' असे सांगणारी तिसरी खूण त्यात नव्हती. त्या चिपमध्ये दुसऱ्या एका पद्धतीने ते थोडेफार साधता येत होते, पण बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिमनी तो मार्ग धरला नाही.

आपल्याकडचा 'परम'ही याच काळातला. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्यात इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप जोडलेल्या होत्या. त्या चिपमध्येही स्मृतीची पाने पाडून पहारा ठेवण्याची सोय नव्हती. त्यात वावगे काही नाही. शेकडो बैल एकाच मोटेला जुंपावेत तसे सगळ्यांनी मिळून एकच मोठे गणित सोडवायचे, अशा कामात सगळे आपलेच असतात. अडचण येते ती परका आत येऊ लागतो तेव्हा. आणि १९८०च्या दशकात यंत्रे एकमेकांना तारांनी जोडली जाऊ लागली होती.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी परका आत आला. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस या तरुणाने एक छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. तो आपल्याच प्रती काढत एका यंत्रातून दुसऱ्यात जाई. इंग्रजीत अशा प्रोग्रॅमला 'वर्म' म्हणतात, म्हणजे किडा. मराठीत वर्म म्हणजे नेमकी दुखरी जागा, आणि या किड्याने वर्मावरच बोट ठेवले. त्या वेळी साठ हजारांच्या आसपास यंत्रे इंटरनेटला जोडलेली असावीत, त्यांतली सहा हजार त्याने बाधित केली, असा अंदाज तेव्हापासून सांगितला जातो.

त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक आपल्या विषयाची आहे. 'या यंत्रावर कोण काम करत आहे?' या प्रश्नाला उत्तर देणारा एक साधा प्रोग्रॅम युनिक्सवर असे. प्रश्न लिहून घ्यायला त्याने ५१२ अक्षरांची जागा ठेवली होती, पण येणारा मजकूर तेवढाच आहे की जास्त, हे तो मोजत नसे. किड्याने जास्त मजकूर पाठवला.

हे कचेरीतल्या अर्जासारखे समजा. अर्जाच्या वरच्या चौकटीत अर्जदाराने आपले म्हणणे लिहायचे, आणि खालची चौकट साहेबांच्या आदेशाची. अर्जदार लिहीत लिहीत वरची चौकट ओलांडून खाली उतरला आणि आदेशाच्या जागी 'वर जे लिहिले आहे त्याप्रमाणे ताबडतोब करावे' असे लिहून मोकळा झाला. शिपायाने कागद उचलला, आदेश वाचला आणि अंमलबजावणी केली! संगणकात अगदी हेच घडले. आलेल्या मजकुराने जागा ओलांडून 'हे काम संपले की कुठे परतायचे' ही शेजारची नोंद बदलली आणि यंत्राला त्या मजकुराकडेच वळवले. मजकुराच्या पानावरून हुकूम चालवता येत नाही, असा पहारा असता तर शिपाई तिथेच अडला असता. पण व्हॅक्सच्या पानाला ती तिसरी खूण नव्हती.

या प्रकरणात इतिहासाचा एक विचित्र योगायोग आहे. या तरुणाचे वडील, त्यांचेही नाव रॉबर्ट मॉरिस, बेल लॅब्जमध्ये मल्टिक्स आणि युनिक्स या दोन्हींवर काम केलेले. ज्या मंडळींत तिन्ही परवानग्या वेगळ्या ठेवण्याची व्यवस्था घडली त्यांत वडील होते, आणि ती व्यवस्था नसल्याचा फायदा मुलाने घेतला. मुलाला १९९० साली तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

यानंतर जग खडबडून जागे झाले असेल असे वाटेल. तसे झाले नाही. १९९७ साली 'सोलर डिझायनर' या टोपणनावाने वावरणाऱ्या एका माणसाने लिनक्ससाठी एक ठिगळ लिहून काही पानांवरून आज्ञा चालणे बंद केले. २००० साली 'पॅक्स' नावाच्या प्रकल्पाने तिसरी खूण नसलेल्या प्रोसेसरवरही युक्तीने तसा पहारा बसवून दाखवला. ही सगळी चार-दोन हौशी आणि चिकाटीच्या माणसांची कामे. मोठा बाजार आपल्या गतीने चालला होता.

मग जुलै २००१ मध्ये 'कोड रेड' आला. त्याने चौदा तासांच्या आत ३,५९,००० यंत्रे गाठली. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' आला. त्याने किमान ७५,००० यंत्रे गाठली, आणि त्यांतली बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. दोघांची मूळ युक्ती १९८८ चीच. चौकट ओलांडायची, आणि मजकूर म्हणून आत शिरून हुकूम म्हणून चालायचे.

त्याच वर्षी चित्र पालटले. एप्रिल २००३ मध्ये एएमडी कंपनीने ६४ बिटांचा प्रोसेसर बाजारात आणला. त्याच्या पानसूचीतल्या नोंदी लांब झाल्या होत्या, आणि त्यांच्या शेवटच्या टोकाच्या बिटात अखेर ती तिसरी खूण आली : या पानावरून आज्ञा चालणार नाहीत. मे २००३ मध्ये 'ओपनबीएसडी'ने आपल्या नव्या आवृत्तीत नियमच केला, की पान लिहिण्याजोगे असेल तर चालवण्याजोगे नसेल, आणि चालवण्याजोगे असेल तर लिहिण्याजोगे नसेल. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर हा पहारा सामान्य माणसाच्या यंत्रात आला, तोही सुरुवातीला मुख्यतः विंडोजच्या स्वतःच्या प्रोग्रॅमांपुरता. इंटेलनेही ती खूण स्वीकारली. मल्टिक्स बांधायला घेतल्यापासून सुमारे चाळीस वर्षे लोटली होती. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

मला या चाळीस वर्षांचे राहून राहून वाईट वाटते. अज्ञानामुळे झालेले नुकसान समजू शकते. पण इथे ज्ञान होते. ऑपरेटिंग सिस्टिमवरची पुस्तके होती, त्यांत परवानग्यांची प्रकरणे होती. आपल्या शेजारच्या सोलापूरचे अच्युत गोडबोले आणि मुंबई आयआयटीचे प्रा. डी. एम. ढमढेरे यांची या विषयावरची इंग्रजी पाठ्यपुस्तके कितीतरी विद्यार्थ्यांनी अभ्यासली. परीक्षेत प्रश्न येत होते, मुले उत्तरे लिहीत होती, आणि त्याच मुलांच्या टेबलावरच्या यंत्रात तो पहारा नव्हता. एका खुणेचा खर्च वाचला. वाचवणारे वेगळे होते आणि किंमत मोजणारे वेगळे. ज्याचे काम बंद पडले, ज्याच्या फाइली गेल्या, त्याला पान म्हणजे काय आणि परवानगी म्हणजे काय हे कुणी सांगितलेही नव्हते.

पहारा बसला म्हणजे चोरी थांबली असेही नाही. आपला मजकूर चालवता येत नाही म्हटल्यावर चोरांनी आत आधीच असलेल्या, परवानगी मिळालेल्या आज्ञांचेच तुकडे वेचून त्यांची माळ ओवायला सुरुवात केली. वर्तमानपत्रातली अक्षरे कापून निनावी पत्र चिकटवावे तसे. होवाव शाकम या संशोधकाने २००७ साली ही युक्ती पद्धतशीर मांडून दाखवली.

पहारेकऱ्यातही खोट निघते. मी वर सांगितलेल्या 'लिहिताना नक्कल' या युक्तीतच लिनक्समध्ये एक फट राहून गेली होती. २००७ पासूनची ती फट २०१६ साली उघडकीस आली. तिच्यातून 'फक्त वाचा' असे लिहिलेल्या पानावरही लिहिता येत होते. अँड्रॉइड लिनक्सवरच उभे असल्याने फोनही त्यात आले.

आणि जानेवारी २०१८ मध्ये तर 'मेल्टडाउन' नावाने कुंपणच शेत खाते हे सिद्ध झाले. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर परवानगीचा निकाल लागण्याआधीच पुढचे पान उचलून ठेवत. परवानगी नाकारली गेली की उचललेले टाकून देत, पण खुणा मागे राहत. जणू कारकुनाने साहेबांना विचारण्याआधीच गठ्ठ्यातली फाइल काढून झटकून ठेवली. साहेब नको म्हणाले, फाइल परत गेली, पण धूळ कुठली पुसली गेली ते पाहून चाणाक्ष माणसाला हवे ते कळले. १९९५ पासूनच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरांत ही खोट असू शकते असे संशोधकांनी सांगितले. इलाज म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमना आपली बहुतेक पाने साध्या प्रोग्रॅमच्या पानसूचीतूनच काढून टाकावी लागली. थोडा वेग गेला. वेग मिळवताना जे गहाण टाकले होते ते असे सोडवावे लागले.

हे सगळे मी आपल्या जिल्ह्यात बसून का लिहितो आहे? कारण ही पाने आता आपल्या शिवारापर्यंत आली आहेत. जमिनीचा हक्क लिहिलेला गाव नमुना सात आणि पिकांचा नमुना बारा मिळून आपला सातबारा होतो. त्यात बदल व्हायचा तर आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंद लागू होते. लिहिणारा वेगळा, लागू करणारा वेगळा! आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखात एका फेरफाराने घर उभे राहते किंवा बसते. म्हणून मधले पंधरा दिवस दिरंगाईचे नसतात, पहाऱ्याचे असतात. सगळे ऑनलाइन झाले तरी हा पहारा निघता कामा नये.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नमुना बारावर पीक लिहिण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या फोनवर आला. मला ही गोष्ट मनापासून आवडली. ज्याने पेरले त्याने लिहावे. पण मग तो फोनही दप्तराचाच भाग झाला, आणि बँकेचे पैसेही त्याच फोनवर. अपडेट येणे बंद झालेला जुना फोन म्हणजे ज्याच्या पहारेकऱ्याची खोट उघड झाली आहे पण बदली आलेली नाही असे दप्तर. घरात नातवंडे असतील तर त्यांच्याकडून एकदा तपासून घ्या. आणि फोनने 'परवानगी द्यायची का' असे विचारले की घाईने होय म्हणण्याआधी एवढेच पाहा, की मागणाऱ्याच्या कामाला ती खरोखर लागते का. टॉर्च लावणाऱ्या अ‍ॅपला तुमचे मेसेज कशाला वाचायचे आहेत?

दप्तरांचा विषय निघालाच आहे, तर निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी कागदांविषयी पुढे कधीतरी सविस्तर लिहीन. तूर्त इथेच थांबतो.